करवंटीची राख

सगुणा रोज सकाळी चुलीतली राख काढायची, पण सगळी उकिरड्यावर टाकत नसे. आदल्या दिवशी जाळलेल्या करवंटीची काळसर, बारीक राख ती बोटांनी वेगळी करायची, त्यातली चिमूटभर दोन्ही तळहातांवर चोळायची, टाळी वाजवल्यासारखे हात एकदाच आपटायची आणि मगच हंडा उचलायची. त्या आवाजाने भिंतीपलीकडची गोदा जागी व्हायची. गोदा तिची थोरली जाऊ. कोंबडा आरवला की नाही हे गोदेला कधी कळलंच नाही. सगुणेचे हात वाजले म्हणजे उजाडलं.

ही सवय तिने माहेरून आणलेली नव्हती. माहेर मुंब्र्याकडचं. खाडीवर आगगाडीचा पूल झाला तेव्हा ती डोक्यावर लहान घागर घेऊ लागली होती, एवढंच तिला स्वतःच्या वयाबद्दल ठाऊक होतं. लग्न होऊन कळव्याला आली त्या पहिल्याच आठवड्यात तिच्या ओल्या हातून सासूचा पितळी हंडा निसटला आणि त्याला पोचा पडला. सासू ओरडली नाही. तिने सुनेचा हात धरून चुलीपाशी नेला, राख चोळली आणि म्हणाली, "मिठागरातल्या बाईचे हात कायम वले. राख लावल्याबिगर काय धरू नको." हंडा तसाच राहिला, पोच्यासकट.

नवरा परशुराम मिठागरात राबायचा, आणि घरातल्या बायकाही. पावसाळा सरला की मिठाच्या कोंड्यांचा, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या वाफ्यांचा, तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागे. निसरड्या चिखलात एकटीचा तोल राहत नाही, म्हणून दोघी दोघी समोरासमोर उभ्या राहून, एकमेकींचे हात धरून पाय मारत. असे हिवाळ्यामागून हिवाळे सगुणा आणि गोदेने एकमेकींचे हात धरून काढले. त्यांच्या पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या आणि दोघींची फुगडी अख्ख्या खाडीवर गाजू लागली.

गवरी गेल्या की दुसऱ्या दिवशी कळवा आणि माजिवडा या दोन गावांच्या बायकांची फुगडी लागायची. एक वर्ष कळव्याच्या गावदेवीपुढे, एक वर्ष माजिवड्याच्या. दोन्ही गावं आगरी, दोन्हींकडे मिठागरं, आणि दोन्हींकडे एकमेकांच्या लेकी दिलेल्या. त्यामुळे भांडायला कारणं पुष्कळ होती. वर्षभर ती कुणी वापरत नसे, या दिवसासाठी राखून ठेवत. आधी पोरीबाळींच्या जोड्या व्हायच्या. शेवटी मानाची जोडी. दोन्ही गावांच्या मानाच्या जोड्या शेजारी शेजारी उभ्या राहत. पायाला पाय जुळवायचे, हातांची फुली करायची, मागे झोक द्यायचा आणि फिरायचं. जी जोडी आधी सुटेल तिचं गाव हरलं. हरलेल्या गावच्या बायकांनी जिंकलेल्यांचे पाय धुवायचे.

पाहुण्याचे पाय धुताना कुणाला काही वाटत नाही. पण माजिवड्याची सखुबाई त्या दिवशी खास चिखलातून चालत यायची आणि पाय पुढे करून म्हणायची, "घोट्याच्या वरती पन हाय गो थोडा."

गोदेचा गुडघा धरला आणि मानाची जोडी मोडली. मग तीन वर्षं सगुणेने तीन वेगवेगळ्या बायका जोडीला घेतल्या आणि तीनही वर्षं सखुबाईचे पाय धुतले.

कार्तिकात मुलगा पंढरी याच्यासाठी मुलगी बघायची वेळ आली, तेव्हा ती परशुरामाला घेऊन सरळ माजिवड्याला गेली. मुलगी सखुबाईची पुतणी, शकू. बघायला गेलेल्या बायका मुलीला चालून दाखवायला सांगतात, भाकरी थापायला सांगतात. सगुणेने अंगणात उभं राहून पदर खोचला.

"पोरी, माज्यासंगती एक फुगडी घाल."

शकूने काकूकडे बघितलं. सखुबाईने हसून मान हलवली. मग दोघी फिरल्या. आधी मुलगी बिचकत होती, नंतर तिने अंगाचा भार असा मागे सोडला की सगुणेला बऱ्याच वर्षांनी आपले पाय हलके वाटले. थांबल्यावर ती धापा टाकत म्हणाली, "ठरलं."

परतताना होडीत परशुराम कुरकुरला, "अगं, रंग तरी नीट बगायचा होतास."

"फिरताना सगळी एकाच रंगाची दिसतात," सगुणा म्हणाली.

माजिवड्याचा मोहरा आपण उचलून आणला, या आनंदात कळवा होता. सखुबाई का हसली, याचा विचार कुणी केला नाही.

मार्गशीर्षात लग्न झालं. शकूच्या अंगाची हळद उतरली नव्हती तोच कोंड्या तुडवायचा हंगाम आला आणि सासूसून समोरासमोर उभ्या राहिल्या. पहिल्याच दिवशी सगुणेच्या लक्षात आलं, की हिच्या तळहातांना घाम येतो. थंडीतसुद्धा. मुलगी लाजून हात पदराला पुसत राहिली. सगुणेने तिला घरी नेऊन राख दाखवली. करवंटीचीच का, लाकडाची का नाही, ती किती बारीक हवी, हात किती जोराने आपटायचे, सगळं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे दोन टाळ्या वाजू लागल्या. गोदा भिंतीपलीकडून म्हणाली, "आता दोन दोनदा उजाडतंय काय गो तुमच्याकडं?"

हिवाळा गेला, उन्हाळ्यात मीठ फुललं, पाऊस लागला. दुपारी काम नसलं की पडवीत दोघी फिरून बघायच्या. शकूला बोलायची फार सवय नव्हती. पण फिरताना ती मध्येच हसायची, आणि ते हसू सगुणेला हातांतून कळायचं, चेहऱ्याकडे बघावं लागत नसे. शेजारणी पाणी भरायच्या निमित्ताने डोकावून जात. श्रावण संपेपर्यंत कळव्याने फुगडी जिंकून ठेवली होती. फक्त खेळायची राहिली होती.

अशात एका दुपारी दौलत विहिरीपाशी आला. दौलत होडी चालवायचा. दोन गावांमध्ये त्याच्या होडीतून माल कमी आणि बातम्या जास्त यायच्या.

"सगुनावैनी, सुनेचं बोचकं बांदून ठेवा. भिवा येतोय परवाच्या भरतीला, बहिनीला न्यायला."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? पयली गवर. माहेरी नको?"

रहाट थांबला. विहिरीवरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. लग्न झालेल्या मुलीची पहिली गवर माहेरी, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरीलाही माहीत होतं. पण मुलगी हेरण्यात, लग्न लावण्यात आणि पडवीत फुगड्या मोजण्यात कुणाच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

"जाऊ दे की," एक तरणी सून म्हणाली. "गवर झाली की फुगडीला येईल परत."

"येईल गो," गोदा हळूच म्हणाली. "त्यांच्या बाजूनं."

कारण तो नियम गोदेनेच केलेला होता. कधीकाळी तिची लेक चांगुणा माजिवड्याला दिली. पहिल्या गवरीला ती माहेरी आली, तेव्हा कळव्याने तिलाच फुगडीत उतरवलं. माजिवड्याने आरडाओरडा केला होता, आमची सून तुमच्याकडून कशी खेळते म्हणून. तेव्हा गोदा कमरेवर हात ठेवून गावदेवीपुढे उभी राहिली होती आणि ठणकावून म्हणाली होती, "जी गवरीला जिथं, ती तिथली!" त्या वर्षी कळवा जिंकला. सखुबाईने ते वाक्य इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं.

मग विहिरीवर सल्ल्यांचा पाऊस पडला. पोरीला ताप आलाय म्हणून सांग. पंढरीला ताप आलाय म्हणून सांग. बांध फुटलाय, माणूस सोडता येत नाय, म्हणून सांग.

"पाठवू नको, बस," एक म्हातारी म्हणाली. "सासू हायस तू. तुना कोन इचारनार?"

सगुणा हंडा घेऊन घरी आली.

तिला जिंकायचं होतं. ते ती स्वतःपासून लपवत नव्हती. अलीकडे उठताना तिचाही गुडघा बोलायचा आणि पुढच्या वर्षी आपण मानाच्या जोडीत असू की नाही, याची तिला खात्री नव्हती. एकदा, फक्त एकदा, सखुबाई समोर वाकलेली आणि आपले पाय परातीत. घोट्याच्या वरती पन हाय, असं आपण म्हणायचं. इतकी साधी इच्छा होती ती.

शकू मागच्या दारी बसून माशाचे खवले काढत होती. बातमी तिच्याआधी घरी पोचलेली दिसत होती. तिने मान वर केली नाही.

"मी नाय जात," ती म्हणाली. "तुमी नको म्हना, म्हंजे मी नाय जात. भिवाला मीच सांगीन."

"तुजं बोचकं कुठं हाय?"

शकूचा हात थांबला. बोचकं कणगीच्या आड होतं. बांधलेलं. त्यावर तिचं माहेरचं हिरवं लुगडं घडी करून ठेवलेलं होतं आणि वर एक काकडी. वेलावर पहिली धरलेली, आईसाठी.

सगुणा ती काकडी बघत उभी राहिली. तिची स्वतःची पहिली गवर कळव्यातच गेली होती. त्या वर्षी खरोखरच बांध फुटला होता, माणूस सोडता येत नव्हता, आणि सासू वाईट नव्हती. भाऊ रिकामी होडी घेऊन परत गेला. ती बांधावर उभी राहून मुंब्र्याचा डोंगर बघत राहिली. पावसात तो इतका जवळ दिसत होता की तिला त्याचाच राग आला. पुढच्या वर्षी माहेरी गेली, त्याच्या पुढच्याही वर्षी गेली, पण त्या पहिल्या गवरीची जागा नंतरच्या कुठल्या गवरीने भरली नाही.

"काकडी खाली ठेव बोचक्याच्या," ती म्हणाली. "वरती ठेवलीस तर भिवा वाटंतच खाईल."

तिसऱ्या दिवशी भरतीबरोबर भिवा आला. तोंडभर हसत, डोक्यावर नारळांची टोपली घेऊन. कळव्याच्या बायका त्याची वाटच बघत होत्या.

"आलास रं चोरा? दिवसाढवळ्या आलास?"

"चोर कोन? पोरीला फुगडी घालून पळवली कोनी? आमच्या अंगनातनं?"

"मागितली, पळवली नाय."

"मंग आमीबी मागायलाच आलोय," भिवा म्हणाला आणि नारळाची टोपली सगुणेपुढे ठेवून तिच्या पाया पडला. "काकूनं सांगितलंय, शकूच्या सासूला म्हनावं, माजे पाय नीट घासून धू औंदा."

"तुज्या काकूला सांग," सगुणा म्हणाली, "चिखल जरा जास्त माख. धुवायला मीच हाय असं समज, आनि मग बग."

सगळ्या हसल्या, पण पुरत्या मोकळ्या मनाने नाही. शकू हिरवं लुगडं नेसून बाहेर आली. भरती ओसरायच्या आत निघायला हवं होतं. दौलत होडीतून हाका मारू लागला. सगुणा घरात गेली आणि एक लहान पुरचुंडी घेऊन आली. फडक्यात बांधलेली, गाठ घट्ट मारलेली.

गोदेने ती हातात घेऊन दाबून बघितली आणि तिचा चेहरा पडला.

"राख?" ती कुजबुजली. "राख देतंस तिला? अगं, तिच्या हाताला घाम येतो, एवढंच आपल्याकडं उरलं होतं! सखूला ते ठाव पन नाय, आनि पोर लाजून तिकडं राख मागनार नाय. पंधरा फेऱ्यांत सुटली असती ती."

"सुटली असती," सगुणा म्हणाली.

"मंग?"

"सुटली तर कुठं पडंल? पाठीवर. डोक्यावर. मागल्या साली फुगडीत सुटलेल्या पोरीचा हात मोडला तो तू बगितलास ना?" तिने पुरचुंडी काढून घेतली आणि शकूच्या बोचक्यात खुपसली. "गवर तिकडं, फुगडी तिकडं. पन सून माज्या घरची हाय. मना ती अख्खी परत पायजे."

होडी लांब जाईपर्यंत शकू मागे वळून बघत होती. सगुणेने दोन्ही हात वर करून एकदा आपटले. पाण्यावरून तो आवाज चांगला गेला असावा, कारण होडीतूनही एक टाळी ऐकू आली.

गवरी आल्या, जेवल्या, गेल्या. फुगडीच्या आदल्या संध्याकाळी गावदेवीपुढचं आवार बायकांनी चोपून, सारवून घेतलं आणि तिथेच पाय पसरून बसल्या. दौलत माजिवड्याहून ताजी खबर घेऊन आला होता. मानाच्या जोडीत खुद्द सखुबाई आणि शकू. शिवाय एक उखाणाही तिकडे तयार झाला होता, तो त्याने बायकी आवाज काढून म्हणून दाखवला:

"माजिवड्याच्या आमी, पायांला भिंगरी,
कळव्याची सासू बसली पांघरून घोंगडी!"

"मेल्या, तू कुनाकडचा?" गोदा म्हणाली.

"मी होडीकडचा."

मग उद्याचा हिशेब सुरू झाला. प्रत्येकीचं मत वेगळं होतं. सखुबाई जड आहे, शकू हलकी, जोडी कलणार. नाही, शकूचे पाय पक्के आहेत, ती धरून ठेवील. हवा दमट आहे, सारवण नीट वाळणार नाही, त्याचा फायदा कुणाला? शेवटी सगळ्या सगुणेकडे बघू लागल्या.

"सखू पयल्या फेऱ्यांतच सगळं बळ घालवते," सगुणा सावकाश म्हणाली. "लोकांना बगायला बरं वाटावं म्हनून. दुसरी कोन असती तर तिथंच दमली असती. पन शकू भार मागं सोडते. सखूला ती वडत नेईल. आपन त्यांच्या नादाला लागायचं नाय. त्या धावतील, आपन चालायचं. त्या दमतील तवा आपली फुगडी सुरू होईल."

"आपन म्हंजे कोन?" तरण्या सुनेने विचारलं. "तुमच्या जोडीला कोन?"

हा प्रश्न गेले दोन दिवस कुणी काढला नव्हता. गोदेने पाय पसरला होता तो हळूहळू आखडून घेतला आणि जमिनीला हात टेकून उभी राहिली.

"मी."

"आनि गुडगा?"

"गुडगा माजा हाय. त्याला मी सांगते काय सांगायचं ते." मग जावेकडे बघून म्हणाली, "नियम मीच करून ठेवलाय ना? निस्तरायला पन मीच. उठ."

त्या दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. गोदेने राख मागितली, हात आपटले. आधी गुडघा करकरला, मग गप्प बसला. इतक्या वर्षांनी जुने हात जुन्या हातांत आले आणि कुठे किती दाबायचं हे बोटांना आठवत होतं. त्या फार जोरात फिरल्या नाहीत. संध्याकाळच्या उजेडात खाडी, गावदेवी, बसलेल्या बायका, सगळं सावकाश भोवती फिरत राहिलं. उद्या हरू, असं सगुणेला स्पष्ट दिसत होतं. तरी तिला बरं वाटत होतं. समोर गोदा होती आणि तिकडे, पाण्यापलीकडे, मुलगी आज आईजवळ जेवली असेल.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते कळव्यात एक सांगतात आणि माजिवड्यात दुसरं. दोन्ही जोड्या बराच वेळ फिरल्या, गोदेचा गुडघा धीर धरून होता, सखुबाईचा श्वास लागला होता, आणि मग दोन्हीकडचे हात सुटले. आधी कुणाचे, यावर इतका कल्ला झाला की भरती ओसरत आली. माजिवड्याच्या बायकांना निघणं भाग होतं. भांडण अर्ध्यावर सोडायला कुणी तयार नव्हतं आणि होडी थांबायला तयार नव्हती. अखेर घाईघाईने दोन पराती मांडल्या गेल्या आणि दोन्ही गावांच्या बायकांनी एकमेकींचे पाय धुतले. असं त्याआधी कधी झालं नव्हतं. सखुबाईसमोर गोदा बसली. दोघीही पाणी जरा जास्तच जोराने ओतत होत्या.

सगुणेसमोर शकू वाकली. तिने सासूचा पाय हातात घेतला तेव्हा तिच्या तळहाताला राखेची खरखर होती आणि तो पुरता कोरडा होता.

"घोट्याच्या वरती पन हाय गो थोडा," सगुणा म्हणाली.

शकू इतकी हसली की तांब्यातलं पाणी सांडलं.

पुढच्या गवरीपासून त्या दोघी एका जोडीत उतरल्या. काही वर्षं जिंकल्या, काही वर्षं हरल्या. नंतर सगुणा कडेला बसू लागली आणि शकू तोवर मोठ्या झालेल्या आपल्या नणंदेला घेऊन फिरू लागली. पण आदल्या संध्याकाळी गावदेवीपुढे बसून उद्याचं सांगायचं ते सगुणेनेच, आणि तिचं बहुतेक खरं ठरायचं. माजिवड्याहूनही कुणी कुणी दौलतकरवी विचारून घेत, आणि ती सांगायची. मिठागर सुटलं तरी राखेची चिमूट सुटली नाही. पहाटे भिंतीपलीकडून गोदेचा आवाज येईनासा झाला त्यानंतरही तिचे हात वाजत राहिले.

शेवटच्या दिवसांत ती फारशी उठत नव्हती. चुलीजवळ अंथरूण घातलेलं असे. एका सकाळी शकू अंगण सारवून आत आली आणि तशीच घाईने पोचा पडलेल्या हंड्याकडे वळली. सगुणेने डोळे उघडले.

"शकू, हात वले हायत तुजे. राख लाव, मंग उचल."